यूएसएस ॲरिझोना : अजून तेल गळणारी युद्धनौका आणि तिच्या पोटातले नऊशे जण

रेवदंडेकर (धागाकर्ता)

१ एप्रिल २०२४ रोजी लू काँटर गेले. वय १०२. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी यूएसएस ॲरिझोनावरून जे ३३५ जण वाचले, त्यांतले ते शेवटचे. या जहाजाबद्दल एक समजूत वर्षानुवर्षं सांगितली जाते : हवाईतल्या पर्ल हार्बर या बंदराच्या पाण्यावर जे तेल तरंगतं ते ॲरिझोनाचे काळे अश्रू आहेत आणि वाचलेला शेवटचा खलाशी गेला की ते थांबतील. काँटर गेले. तेल अजून वर येतंच आहे. तेव्हापासून या जहाजावर सविस्तर लिहायचं डोक्यात होतं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲरिझोना ही पेनसिल्व्हेनिया वर्गातली युद्धनौका. न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत बांधली, १९१५ साली पाण्यात उतरली, १९१६ मध्ये सेवेत आली. लांबी १८५ मीटर, १४ इंची १२ तोफा, तीन-तीनच्या चार बुरुजांत. त्या रविवारी ती फोर्ड बेटाला लागून इतर युद्धनौकांच्या रांगेत उभी होती, तिच्या बाहेरच्या अंगाला व्हेस्टल हे दुरुस्तीचं जहाज बांधलेलं होतं. सकाळी आठनंतर काही मिनिटांतच एका जपानी विमानानं उंचावरून टाकलेला सुमारे ८०० किलोचा चिलखतभेदी बॉम्ब पुढच्या भागात, दुसऱ्या बुरुजाजवळ आत घुसला. हे बॉम्ब मुळात युद्धनौकेच्या तोफेचे गोळे होते, त्यांनाच बदलून विमानातून टाकण्याजोगं केलं होतं. खाली दारूगोळ्याचं कोठार होतं. ते उडालं आणि जहाजाचा अख्खा पुढचा भाग फाटला. आग दोन दिवसांहून जास्त जळत होती.

जहाजावर त्या दिवशी १५१२ जण होते, ११७७ गेले. पर्ल हार्बरला त्या दिवशी मेलेल्या २४०३ अमेरिकनांपैकी जवळजवळ निम्मे या एकाच जहाजावरचे. त्यातल्या नऊशेहून अधिक जणांचे देह बाहेर काढलेच नाहीत. ते आजही आत आहेत. म्हणून हे स्मारक आधी थडगं आहे आणि मग बाकी सगळं.

मरणाऱ्यांमध्ये रिअर ॲडमिरल आयझॅक किड होते; दुसऱ्या महायुद्धात मारले गेलेले ते पहिले अमेरिकन ॲडमिरल. त्यांचा देह मिळाला नाही, नौदल अकादमीची अंगठी मात्र भिंतीच्या पोलादाला वितळून चिकटलेली सापडली. कप्तान फ्रँकलिन व्हॅन व्हाल्कनबर्गही गेले. जहाजाच्या वाद्यवृंदातले सगळेच्या सगळे २१ जण गेले. आदल्या रात्री ही पोरं ब्लॉक अरीना नावाच्या सभागृहात दुसऱ्या जहाजांच्या वाद्यवृंदांची स्पर्धा ऐकायला गेली होती. त्यांची स्वतःची निवड पुढच्या फेरीसाठी आधीच झालेली होती. नंतर त्या स्पर्धेचा चषक त्यांच्याच नावानं ठेवला गेला. तेव्हा सख्ख्या भावांना एकाच जहाजावर काम करता यायचं. ॲरिझोनावर भावांच्या तीसहून अधिक जोड्या होत्या आणि बहुतेक जोड्यांतला एक तरी गेला. एक बाप आणि त्याचा मुलगाही होते. दोघंही गेले.

आता स्मारक. जहाजावर पांढरी, लांबट, ५६ मीटरची वास्तू आडवी टाकलेली आहे. ती जहाजाला कुठेही टेकत नाही. तिचा सगळा भार बाजूला पाण्यात उतरवलेल्या खांबांवर आहे. आत गेलं की आधी उघडा मोठा दालनवजा भाग, मग जमिनीत एक चौकोनी विहीर ठेवलेली, तिथून खाली थेट जहाज दिसतं. लोक तिथून फुलं टाकतात. शेवटी संगमरवराची भिंत आणि त्यावर ११७७ नावं.

आम्ही उभे होतो त्या वेळी पाणी बऱ्यापैकी शांत होतं. डेक अगदी वरवर दिसतो, त्यावर शेवाळ आणि पोवळी, मधून लहान मासे फिरतात. तिसऱ्या बुरुजाखालचं गोल पोलादी कडं पाण्याच्या वर आलेलं आहे, गंजून लालकाळं झालेलं. त्याच्याकडे बघत असताना तेलाचा एक थेंब वर आला. वर येताना काळा, मण्याएवढा. पृष्ठभागाला लागला की फुटतो आणि क्षणात हातभर रुंद, सप्तरंगी तवंग पसरतो. वास येतो, डिझेलच्या जवळपासचा. ८० वर्षांपूर्वी भरलेल्या तेलाचा वास आपल्या नाकात जातो तेव्हा १९४१ हे पुस्तकातलं साल राहत नाही.

आदल्याच दिवशी जहाजाच्या टाक्या भरल्या होत्या, सुमारे १५ लाख गॅलन. त्यातलं बरंच जळलं. आजही आत ५ लाख गॅलनच्या आसपास तेल असावं असा तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा अंदाज आहे. दिवसाला दोन ते साडेआठ लिटर वर येतं.

माझं मत आधीच सांगतो : जहाजाला हात लावू नये. पण पोलाद गंजतं आहे, आणि एक दिवस ते तेल एकदम बाहेर आलं तर काय, हा प्रश्न खोटा नाही. इथे जहाजांतले आणि पोलादातले जाणकार आहेत. त्यांनी लिहावं.

कासवगती

फार सुंदर लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली). अंगठीचा उल्लेख वाचून थांबले थोडा वेळ.

नाखवा

मी नौदलात आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ होतो, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलो, आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं. म्हणून आतल्या बाजूनं लिहितो.

दारूगोळ्याचं कोठार उडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कल्पना करता येत नाही. टॉर्पेडो लागला तर जहाज कलंडतं, पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरतं, दारं बंद करायला, माणसं वर काढायला थोडा अवधी मिळतो. डॅमेज कंट्रोलचं (जहाजाचं नुकसान आवरण्याचं) सगळं शिक्षण त्या अवधीसाठी असतं. कोठार उडालं की तो अवधीच नसतो. शिवाय जहाज बंदरात, रविवारची सकाळ, निम्मी माणसं नाश्त्याला किंवा अंघोळीला. जनरल क्वार्टर्सचा (सगळ्यांनी लढाईच्या जागी जावं असा) इशारा झाल्यावर जो तो आपल्या जागेकडे धावला, आणि पुष्कळांची जागा खाली, पुढच्या भागात होती. आपलं काम करायला धावले म्हणूनच ते गेले, हे मला फार लागतं.

रेवदंडेकर, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मी लिहितो. अमेरिकन नौदलाचं जहाज पर्ल हार्बरमध्ये येताना-जाताना ॲरिझोनासमोरून गेलं की खलाशी डेकच्या कडेनं रांगेत उभे राहून सलामी देतात. युद्धनौका जिवंत माणसाला देते तोच मान. १९५० साली ॲडमिरल रॅडफर्ड यांनी मोडक्या जहाजावर ध्वजाची काठी उभारून रोज ध्वज चढवायला सुरुवात केली. तेव्हा स्मारक नव्हतं, पैसे नव्हते, नुसता सांगाडा होता. स्मारकाची खरी सुरुवात मी तिथून धरतो.

आता आपल्याकडचं. आयएनएस खुकरी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. स्वतःचं लाइफ जॅकेट त्यांनी दुसऱ्याला दिलं असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. खुकरी मुंबईहून निघालेली होती. ज्यांची माणसं तिच्यावर होती त्यांच्यातल्या पुष्कळ घरांना काहीच मिळालं नाही, देह नाही, वस्तू नाही. ॲरिझोनाच्या विधवांना निदान खाली बघून फूल टाकता आलं. खुकरीच्या घरच्यांना समुद्राच्या कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं तेही नक्की नव्हतं. म्हणून दीवच्या चक्रतीर्थ किनाऱ्यावरचं ते काचेतल्या खुकरीच्या प्रतिकृतीचं स्मारक मला लहान वाटत नाही. ते व्हायला १९९९ साल उजाडलं, याचं मात्र वाईट वाटतं.

तटस्थ

धागा माहितीपूर्ण आहे आणि मेलेल्या माणसांबद्दल आदरच आहे. पण एक खुपतं ते बोलतो. पर्ल हार्बरला २४०३ गेले. हिरोशिमा-नागासाकीला किती गेले ते सगळ्यांना माहीत आहे. विजेत्याची थडगी पांढऱ्या संगमरवरात जपली जातात आणि जगभरचे पर्यटक तिथे रांगा लावतात. शिवाय समोरच मिसुरी ही युद्धनौका उभी केली आहे, जिच्यावर जपाननं शरणागती लिहून दिली. हे स्मारक शोकाचं आहे की विजयाचं?

रेवदंडेकर

तटस्थ, प्रश्न रास्त आहे आणि तिथे उभं राहिल्यावर तो मनात येतोच. मिसुरी १९९९ पासून तिथे संग्रहालय म्हणून आहे, ॲरिझोनाकडे तोंड करून. युद्धाची सुरुवात आणि शेवट एका नजरेत यावेत हा हेतू उघड आहे, आणि तो विजयाचाच आहे.

पण स्मारक ज्यानं आखलं त्या माणसाकडे बघा. आल्फ्रेड प्राइस, व्हिएन्नाचे. नाझींपासून जीव वाचवून १९३९ साली हवाईला पोचले. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून त्यांनाच अमेरिकन सरकारनं सँड आयलंडच्या छावणीत डांबलं. त्याच माणसाकडे वीस वर्षांनी त्याच सरकारनं हे काम दिलं. पाण्याखाली उतरून खिडक्यांतून जहाज बघता यावं, अशी त्यांची पहिली कल्पना होती. व्हिएन्नात हाब्सबर्ग राजघराण्याची तळघरातली दफनभूमी आहे, ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. नौदलानं ते नाकारलं. विजयाचं स्मारक बांधायला निघालेला माणूस लोकांना थडग्याच्या खोलीत उतरवायला बघत नाही.

आणखी एक. १९९१ साली, हल्ल्याच्या पन्नासाव्या वर्षी, झेन्जी आबे नावाचे एक माजी जपानी वैमानिक, जे त्या सकाळी बॉम्बफेकी विमानात होते, रिचर्ड फिस्क यांना भेटले. फिस्क त्या दिवशी वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर बिगुल वाजवणारे मरीन होते. आबेंनी त्यांना पैसे दिले आणि विनंती केली की दर महिन्याला स्मारकावर दोन गुलाब ठेवा, एक माझं, एक तुमचं, आणि बिगुलावर शेवटची सलामी वाजवा. फिस्क २००४ साली वारले, तोवर त्यांनी ते केलं. २०१६ च्या डिसेंबरात जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे आणि ओबामा दोघं मिळून तिथे आले, त्याच वर्षी मे महिन्यात ओबामा हिरोशिमाला जाऊन आले होते. सरकारी भेटींना मी मर्यादेतच महत्त्व देतो. त्या दोन गुलाबांना जास्त देतो.

मृण्मयी_०९

आम्ही येत्या डिसेंबरात मुलांना घेऊन हवाईला जाणार आहोत (सध्या मुक्काम सिएटल). मुलं ९ आणि १२ वर्षांची. नेणं योग्य वाटतं का? तिकिटाचं कसं?

रेवदंडेकर

मृण्मयीताई, नक्की न्या. स्मारकाचं तिकीट नाही, पण होडीची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते, त्याचं माणशी एक डॉलर शुल्क. जागा झटकन भरतात, त्यामुळे जितकं आधी तितकं बरं. पिशव्या, पर्स काही आत नेऊ देत नाहीत, बाहेर पैसे भरून ठेवायची सोय आहे. समुद्रकिनाऱ्यावरचे कपडे घालून जाऊ नका. होडी नौदलाची असते आणि स्मारकावर थोडाच वेळ मिळतो, म्हणून आधी किनाऱ्यावरची संग्रहालयं बघून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर मुलांना काय बघतोय ते कळेल. ७ डिसेंबरच्या आसपास जात असाल तर त्या दिवशीच्या कार्यक्रमामुळे वेळा बदलतात, ते तपासा.

१२ वर्षांच्या मुलाला भिंतीवरची नावं नीट वाचायला सांगा. एकाच आडनावाची दोन नावं लागोपाठ दिसतात. त्याला आपोआप कळेल.

पोलादी

गंज हाच माझा धंदा. जेट्टी, पाइपलाइन, समुद्रातल्या फलाटांची गंजतपासणी करतो, उरणच्या बाजूला. ॲरिझोनावर झालेला अभ्यास आमच्या क्षेत्रात लोक आवडीनं वाचतात, म्हणून लिहितो.

सगळ्यांना वाटतं समुद्रात पोलाद पडलं की दरवर्षी ठरावीक जाडी जाते आणि एक दिवस संपतं. तसं होत नाही. गंजायला प्राणवायू लागतो. ॲरिझोनाच्या बाहेरून शिंपले, पोवळी आणि गंज मिळून एक कठीण कवच धरलेलं आहे. ते कवच पोलादाला पाण्यातल्या प्राणवायूपासून बऱ्यापैकी झाकतं. खालचा भाग चिखलात रुतलेला आहे, तिथे प्राणवायू आणखी कमी. म्हणून वरचा डेक आणि बाजूच्या उघड्या भिंती लवकर जातील, तळाच्या टाक्या त्यामानानं टिकतील. तिथल्या उद्यान सेवेचे पाणबुडे १९८३ पासून जहाजाचं मोजमाप घेत आले आहेत. कवचाचे आणि पोलादाचे नमुने घेतले, आत रिमोटवर चालणारा कॅमेरा सोडला, सगळ्या जहाजाचं संगणकावर गणिती प्रारूप केलं. कोसळणं उद्या-परवा नाही, असा त्या सगळ्याचा सूर आहे.

आता तेल काढण्याबद्दल. लोक लगेच रॉयल ओकचं उदाहरण देतात. ब्रिटनची ही युद्धनौका १४ ऑक्टोबर १९३९ ला स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवली, आठशेहून अधिक गेले, तीही युद्धथडगं म्हणून कायद्यानं राखलेली आहे. तिच्यातून ब्रिटिश नौदलानं बरंचसं तेल बाहेर काढलं. मग ॲरिझोनाचं का नाही?

उत्तर जहाज कसं पडलं आहे यात आहे. रॉयल ओक जवळजवळ पालथी पडली. तिचा तळ वर आला. तेलाच्या टाक्या तळाला असतात, म्हणजे त्या पाणबुड्याला सरळ हाताला लागतात. तळाच्या पत्र्याला झडप बसवायची, बंदिस्त पद्धतीनं भोक पाडायचं आणि तेल ओढून घ्यायचं. आम्ही चालू पाइपलाइनवर हेच करतो. ॲरिझोना सरळ बसलेली आहे. तिचा तळ चिखलात आणि टाक्या सगळ्या डेकांच्या खाली. शिवाय तेल एका ठिकाणी नाही, कित्येक लहान टाक्यांत विखुरलेलं आहे, आणि फुटलेल्या टाक्यांतून बाहेर पडून वरच्या कप्प्यांच्या छताशीही अडकलेलं आहे. तिथे पोचायचं तर डेक कापत, माणसं आहेत त्या खोल्यांमधून जावं लागेल. कापाकापीत कवच फुटलं की उघड्या पोलादाला गंज पुन्हा जोमात धरणार. म्हणजे तेल काढायला गेलो आणि जहाज लवकर पाडलं, असं होऊ शकतं.

मी भावनेनं बोलत नाहीये. तांत्रिकदृष्ट्याच आज हात न लावणं बरोबर आहे. मात्र बंदरात तेल अडवणारे तरंगते पट्टे आणि माणसं कायम सज्ज हवीत, आणि मोजमाप थांबता कामा नये.

नाखवा

पोलादी, एक नंबर. कप्प्यांच्या छताशी अडकलेल्या तेलाचा मुद्दा मला सुचला नव्हता. त्यामुळेच गळती कधी इथून तर कधी तिथून होते.

आगाशी

पोलादीसाहेब, शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. "पट्टे सज्ज ठेवू" हे आपण किती वेळा ऐकलंय? मी मच्छीमार घरातला आहे. २०१० साली मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजा या जहाजांची टक्कर झाली, तेल पसरलं, मासळी बाजारात कोणी घेईना. तेव्हाही सगळे सज्जच होते. ५ लाख गॅलन तेल आत आहे हे माहीत असताना थांबणं म्हणजे जोखीम हवाईच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या गळ्यात घालणं. मेलेल्यांचा मान मोठा, पण जिवंत माणसाचा समुद्रही मोठा. पर्ल हार्बरला हवाईचे मूळ लोक पुउलोआ म्हणायचे आणि तिथे त्यांची मासळी राखायची तळी होती. नौदल येण्याआधीचा तो समुद्र कोणाचा होता?

पोलादी

आगाशी, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. चित्राच्या वेळची परिस्थिती मीही पाहिली आहे. पण चित्राच्या टाक्या एका दणक्यात फुटल्या. ॲरिझोनाचं तेल विखुरलेलं असल्यामुळे सगळं एका वेळी सुटण्याची शक्यता कमी धरली जाते. "शक्यता नाही" असं मी म्हणणार नाही. मागच्या भागातल्या ज्या टाक्यांपर्यंत माणसांच्या खोल्या न कापता पोचता येईल, त्यांचा विचार व्हावा असं मलाही वाटतं. सगळंच काढू नये, पण काहीच करू नये असंही नाही.

इतिहासवेडा_कोल्हापूर

तेलावरून थोडं बाजूला जातो, पण विषयाला धरूनच. ॲरिझोना 'जपली' असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. १९४२ मध्ये नौदलानं तिच्यातून कामाचं होतं ते सगळं काढून घेतलं. पाण्याच्या वरचा मनोरा कापला. मागचे दोन तोफेचे बुरुज काढून लष्कराला दिले, ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर संरक्षणाची ठाणी उभारायला. दुसऱ्या बुरुजाच्या तोफा दुरुस्त करून नेव्हाडा या युद्धनौकेवर बसवल्या, आणि नेव्हाडानं त्या इवो जिमा आणि ओकिनावावर डागल्या. नेव्हाडा स्वतः पर्ल हार्बरच्या हल्ल्यात घायाळ झालेली. त्या सकाळी रांगेतून सुटून चालू लागलेली ती एकमेव युद्धनौका. पहिला बुरुज तेवढा खाली जागेवर आहे. कापलेले तुकडे वाईपिओ द्वीपकल्पावर गंजत पडले होते, पुढे त्यातले काही अमेरिकेतल्या संग्रहालयांना आणि स्मारकांना दिले गेले.

१ डिसेंबर १९४२ ला तिचं नाव नौदलाच्या यादीतून काढलं. म्हणजे सुरुवातीला ती भंगारच होती. १९५८ साली आयझेनहॉवर यांनी स्मारकाच्या कायद्यावर सही केली, तरी पैसा लोकांकडून उभा करायचा होता आणि तो जमेना. २५ मार्च १९६१ ला एल्विस प्रेस्लीनं मदतीसाठी कार्यक्रम केला, त्यातून ५० हजार डॉलरच्या वर जमले. तो कार्यक्रम झाला ब्लॉक अरीनामध्ये. धागाकर्त्यांनी वर लिहिलेलं तेच सभागृह, जिथे ॲरिझोनाच्या वाद्यवृंदातल्या पोरांनी शेवटची रात्र काढली. स्मारक ३० मे १९६२ ला खुलं झालं.

आपल्याला विक्रांतची आठवण येणारच. १९६१ ते १९९७ सेवा, मग मुंबईत संग्रहालय, २०१२ ला बंद आणि २०१४ पासून दारूखान्यात तोडली. आजही मनाला लागतं. तरी ॲरिझोनाचा इतिहास वाचल्यावर कळतं की जहाज वाचवायला माणसांना वीस वर्षं मागे लागावं लागतं. आपण विक्रांतसाठी तितका नेट लावला नाही.

आराखडा

मी वास्तुरचनेत आहे, म्हणून दोन ओळी. त्या इमारतीच्या छताची रेषा मध्ये खाली झुकते आणि दोन्ही टोकांना उचलते. प्राइस यांचं म्हणणं असं की मधला झोल म्हणजे सुरुवातीचा पराभव आणि ताठ टोकं म्हणजे शेवटचा विजय. सुरुवातीला लोकांनी तिला 'चेपलेला दुधाचा खोका' म्हणून नावं ठेवली. मला मात्र त्या अर्थापेक्षा बाजूच्या मोठ्या उघड्या खिडक्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. वारा, ऊन, पाणी सगळं आत येतं. अशा जागी वास्तुकाराला भिंती घालून, अंधार करून, वरून एक प्रकाशाचा झोत सोडून शोक तयार करायचा मोह होतो. यांनी तो टाळला. आणि खालच्या जहाजाला न टेकता उभं राहणं ही तर खरी कसोटी. भर पाण्यात, चिखलाच्या तळावर, थडग्याला धक्का न लावता खांब उतरवायचे. २०१८ च्या मे महिन्यात स्मारकाला होडी लागते त्या धक्क्याचं नुकसान दिसलं तेव्हा पाहुण्यांची ये-जा बंद केली आणि दुरुस्तीला सव्वा वर्षाच्या वर लागलं, सप्टेंबर २०१९ ला पुन्हा उघडलं. एवढी काळजी घेतात.

कासवगती

वाचलेल्या लोकांना पुन्हा जहाजात दफन करतात असं कुठेतरी ऐकलं होतं. खरं आहे का?

रेवदंडेकर

खरं आहे, कासवगती. १९८२ पासून ॲरिझोनावरून वाचलेल्यांना ती मुभा मिळाली. माणूस वारला की अस्थींचा कलश घेऊन पाणबुडे खाली उतरतात आणि चौथ्या बुरुजाच्या गोल कड्याच्या आत ठेवतात. वर कुटुंबीय, सलामी, दुमडलेला ध्वज. आजवर ४४ जण असे परत गेले. शेवटचे लॉरेन ब्रुनर, ७ डिसेंबर २०१९ ला.

ब्रुनर कसे वाचले तेही सांगण्यासारखं आहे. स्फोटानंतर पुढच्या मनोऱ्यावर सहा जण अडकले होते, भाजलेले, खाली आग. शेजारच्या व्हेस्टलवर जो जॉर्ज नावाचा खलाशी होता. जळत्या ॲरिझोनापासून व्हेस्टल सोडवायला हवी म्हणून त्याच्या वरिष्ठानं दोर कापायला सांगितले होते. जॉर्जला वर माणसं दिसली. त्यानं आधी दोर फेकला. ते सहाही जण, हाताची कातडी सोललेली असताना, खाली पेटलेलं तेल, त्या दोरावरून एकेक हात टाकत व्हेस्टलवर आले. त्यांतले डोनाल्ड स्ट्रॅटन शरीराचा निम्म्याहून जास्त भाग भाजूनही जगले आणि १९४४ मध्ये पुन्हा नौदलात भरती झाले. जो जॉर्जला मात्र तेव्हा पदक मिळालं नाही, कारण त्यानं आज्ञा मोडली होती. स्ट्रॅटन आणि ब्रुनर म्हातारपणी त्याच्यासाठी भांडत राहिले. ७ डिसेंबर २०१७ ला जॉर्जला मरणोत्तर ब्राँझ स्टार मिळाला, ॲरिझोना स्मारकावरच, त्याच्या मुलीच्या हातात. ते पदक बघायला स्ट्रॅटन आणि ब्रुनर दोघंही हजर होते.

सगळे परत गेले असं नाही. स्ट्रॅटन आपल्या गावी, नेब्रास्कात पुरले गेले. काँटर कॅलिफोर्नियात, पत्नीशेजारी.

नाखवा

रेवदंडेकर, जॉर्जची गोष्ट मला ठाऊक नव्हती. वरिष्ठालाही मी दोष देणार नाही. शेजारचं जहाज पेटलंय, आपलं पेटेल, तर दोर कापायचा हेच शिकवलेलं असतं. जॉर्जनं आज्ञा मोडली आणि तो बरोबर होता, आणि आज्ञा देणाराही आपल्या जागी बरोबर होता. जहाजावर असे प्रसंग येतात.

तटस्थ

हे सगळं वाचून एवढं नक्की म्हणेन की मिसुरीबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, ॲरिझोनाबद्दलचा नाही. एक विचारायचं आहे. आतल्या माणसांची ओळख आता डीएनएनं पटवता येत असेल ना? मग घरच्यांना देह का देत नाहीत?

इतिहासवेडा_कोल्हापूर

तटस्थ, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाजाच्या आत जे आहेत त्यांना नौदलानं समुद्रात दफन झालेले मानलं आहे, त्यांना काढायचा विचार नाही. पण ॲरिझोनावरून बाहेर काढलेले आणि ओळख न पटलेले काही जण होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीत 'अनोळखी' म्हणून पुरलेले आहेत. त्यांची ओळख पटवा म्हणून नातेवाईक कित्येक वर्षं मागे लागले, स्वतः डीएनए नमुने गोळा केले. त्यांच्यासमोर ओक्लाहोमाचं उदाहरण होतं. ती युद्धनौका त्याच दिवशी उलटली, ४२९ गेले, त्यातल्या जवळजवळ ३९० जणांची ओळख तेव्हा पटलीच नव्हती. २०१५ पासून ते अवशेष पुन्हा उकरून तपासले आणि साडेतीनशेहून जास्त जणांना नावं मिळाली. ७५-८० वर्षांनी गावोगावी त्यांची अंत्ययात्रा निघाली. सख्खे भाऊ गेलेले, पुतणे-भाचे म्हातारे, तेही रस्त्यावर आले.

आगाशी

हे योग्य झालं. पंचबोलमधल्यांनाही नाव मिळायला हवं. जहाजातल्यांना हलवू नये यावर माझंही दुमत नाही, माझं भांडण फक्त तेलाशी आहे.

दुसरं, जावा समुद्रात उलट घडलंय. १९४२ च्या लढाईत बुडालेली डच युद्धनौका डी राइटर आणि तिच्याबरोबरची जहाजं २०१६ मध्ये पाणबुडे बघायला गेले तर जागेवर नव्हतीच. भंगारवाल्यांनी तळावरून तोडून नेली, आत शेकडो माणसं असताना. ब्रिटिशांच्या रिपल्स आणि प्रिन्स ऑफ वेल्सवरही मलेशियाजवळ असाच हात पडला. ॲरिझोना नौदल तळाच्या मधोमध आहे म्हणून वाचली.

मृण्मयी_०९

खूप काही कळलं. मुलांना जो जॉर्जची गोष्ट आत्ताच सांगितली, मोठ्यानं लगेच विचारलं की तो दोर कुठे ठेवलाय. 🙏 यूटाह नावाचंही बुडालेलं जहाज तिथेच आहे असं नकाशात दिसतंय. ते बघता येतं का?

रेवदंडेकर

यूटाह फोर्ड बेटाच्या पलीकडच्या बाजूला आहे, अजून पाण्यात कलंडलेलीच. तिच्यावरचे ५८ गेले, बहुतेक आतच आहेत. तो भाग चालू लष्करी तळात येतो, त्यामुळे सैन्याचं ओळखपत्र नसलेल्यांना सहसा सोडत नाहीत. मिसुरीकडे जाणाऱ्या बसमधून फोर्ड बेटावर जाता येईल, पण यूटाहपाशी उतरता येणार नाही. मुलांना नकाशावर दाखवा.

नाखवा

मृण्मयी, भारतात याल तेव्हा दीवलाही जा. १९८९ ची दुसरी खुकरी, आपल्या माझगाव गोदीत बांधलेली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि ती दीवच्या प्रशासनाकडे संग्रहालय म्हणून दिली आहे. पहिल्या खुकरीचं स्मारक आणि दुसरी खुकरी दोन्ही एकाच फेरीत होतात. जाण्याआधी वेळा विचारून घ्या, आणि पावसाळ्यात नको.